मिठागरावरची बेडकी

“अगो, ही तं बेडकी! बघा, कशी टपकन बसलीय दारात!”

मित्रांनो, हा आवाज बायजाचा. आता तो या खाडीकाठी कुठेच ऐकू येत नाही. पण वारा पडला, भरतीचं पाणी बांधाशी येऊन थबकलं, की मला तो आठवतो. माझं नाव त्या आवाजानेच ठेवलं.

मी एक जुनी मोटारसायकल आहे. पण दोन चाकांची नव्हे, चार चाकांची. चाकं फुगीर, बसकी, आणि पुढे वटारलेल्या डोळ्यांसारखे दोन दिवे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या कारखान्यात झाला. रोह्याकडे कुठल्याशा कंपनीचं काम निघालं, तेव्हा चिखलातून फिरायला तिथल्या साहेबांनी मला आणलं. काम संपलं, साहेब गेले, मला मात्र कुणी बरोबर नेलं नाही. गोदामामागे ताडपत्रीखाली मी पडून राहिले. लिलावाच्या दिवशी माणसं माझ्याभोवती फिरत, हसत आणि पुढे जात. शेवटी धरमतरच्या खाडीकाठचा पुंडलिक आला. “चिखलात चालंल का ही?” एवढंच त्याने विचारलं. ते साल ब्याण्णव.

पुंडलिक मिठागरात राबणारा माणूस. वाफ्यातलं मीठ फळीने ओढायचं, गोणीत भरायचं आणि अरुंद बांधावरून डोक्यावर वाहून न्यायचं, असं त्याच्या घरात बापजाद्यांपासून चाललेलं. ते ओझं आता माझ्या पाठीवर आलं. मी धूर सोडत बांधावरून निघाले की बगळे उडत, पोरं मागे धावत, आणि वाफ्यात उभी असलेली त्याची बायको बायजा गाणं म्हणे:

“चार पायांची बेडकी, माझ्या दारात बसली,
तिच्या पाठीवर बाई, शुभ्र चांदणी सांडली.”

कुणी आपल्यावर गाणं रचावं, याहून मोठं कौतुक यंत्राच्या नशिबी कुठलं असणार!

पण एका पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि बायजा गेली. गाणं थांबलं. पुंडलिकची एकुलती लेक रोहिणी रोह्याला दिलेली. जावई पोपट, त्याचं तिथे स्टँडजवळ छोटं गॅरेज. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला नुसतं ‘ये’ म्हणत नाहीत. सणावाराला माहेरचा कुणीतरी मुराळी होऊन तिला आणायला जातो. रोहिणीला भाऊ नव्हता. कुणाला मुराळी धाडायचं, केव्हा धाडायचं, ते सगळं बायजाच बघायची. तिच्या माघारी रोह्याची वाट सुनी झाली. संध्याकाळी पुंडलिक माझ्या सीटवर येऊन बसे. किल्ली फिरवत नसे, बोलत नसे. आम्ही दोघं नुसती खाडीकडे तोंड करून बसून राहत असू.

पावसाळ्यानंतर मिठाचा हंगाम लागला, आणि मी पहिल्यांदा बंद पडले. ओल्या गोणींतून खारं पाणी ठिबकायचं, ते थेट माझ्या सीटखाली. तिथे बॅटरीची काळी तार माझ्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते. त्या बोल्टला गंज चढला. एका सकाळी पुंडलिकने बटण दाबलं. मी ‘टक्’ केलं आणि गप्प.

मीठ भरायला आलेल्या ट्रकवाल्याकडे निरोप गेला. दुसऱ्या दिवशी पोपट हत्यारांची पिशवी घेऊन आला. आधी त्याने मुठीवरचं लाल बटण पाहिलं, कारण ते बंद असलं तर मी चालूच होत नाही. मग गिअर न्यूट्रलला आणला. मग प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि इंजिन फिरवायची दोरी ओढली. ठिणगी कुठली! शेवटी सीट उचलून बघतो, तर तो हिरवा-तांबडा झालेला बोल्ट.

“मामा, वीज निघते बगा,” तो सासऱ्याला म्हणाला, “पन तिला माघारी यायची वाटच गंजलीय.”

काचपेपरने घासून, ग्रीस लावून त्याने बोल्ट आवळला. मी धडधडून जागी झाले! पण मला आठवते ती त्यानंतरची दुपार. रोहिणीही आली होती. तिने खाडीतल्या निवट्यांचं, म्हणजे चिखलातल्या बारक्या माशांचं, कालवण केलं. घरातून हसण्याचा, भांड्यांचा आवाज आला. “बाबा, आनखी भाकरी घ्या ना,” ती म्हणत होती, आणि बाबा खरंच घेत होते. संध्याकाळी दोघं पेणच्या रस्त्याला लागली, तेव्हा पुंडलिक कितीतरी वेळ त्या वळणाकडे बघत राहिला.

पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी पुंडलिक पाना घेऊन माझ्याजवळ आला. इकडे तिकडे बघितलं. सीट उचलली आणि तो बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने ढिला केला.

मित्रांनो, मला कळलं. मी रागावले नाही. बायजा गेल्यावर या घरात मुराळी उरला नव्हता. तो मी झाले. मी बंद पडायचं, ट्रकवाल्याने निरोप न्यायचा आणि लेक-जावयाने यायचं. असं पुन्हा पुन्हा घडलं. पोपट म्हणे, “बांधावरच्या हादऱ्यानं ढिला होतो.” त्याने स्प्रिंगचा वॉशर घातला, तरी बोल्ट ढिला. गावात लोक म्हणू लागले, बेडकी म्हातारी झाली. माझ्या अंगात तर दम होता! पण मला बोलता येत नाही, आणि ज्याला येतं तो बोलत नव्हता.

अखेर पोपट कंटाळला. गॅरेज बंद ठेवून यायचं म्हणजे गिऱ्हाईक तुटतं. एक दिवस तो कोलाडच्या हैबतराव नावाच्या बागायतदारालाच घेऊन आला.

“मामा, इकून टाका हिला. मला आता सारखं येनं जमायचं नाय.”

पुंडलिक ओट्यावर जाऊन बसला. गिऱ्हाईक येणार हे त्याला ट्रकवाल्याकडून आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्याने काय केलं होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या टाकीखाली, ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला जाणाऱ्या तारेचा जोड आहे. त्या जोडात त्याने गोणीच्या प्लास्टिकचा एवढासा तुकडा सरकवून ठेवला होता. वरून बघावं तर जोड घट्ट.

पोपटने सगळं तपासलं. लाल बटण, न्यूट्रल, प्लग. बोल्ट तर आज आवळलेलाच होता. नवा प्लग लावला, तरी ठिणगी नाही. त्याच्या कपाळावरून घाम ओघळू लागला.

हैबतराव मिशीत हसला. “काय वो मेस्त्री, पेनच्या गनपतीसारखी नुसती मखरात बसवायची का ही? आमचा बैल परवडला, काठी दावली की उठतो तरी!”

“कॉइल गेली असंल,” पोपट पुटपुटला.

“मग भंगारात द्या. चाकं आन चाकांचा दांडा काढून नेतो मी. बाकीचं तुमचं तुमाला.”

पोपटने पाना हातात घेतला. माझ्या पुढच्या चाकाशी तो बसला, आणि बसल्या बसल्या एकदम खाली बघून म्हणाला, “मामा, माझ्या हातातच काय उरलं नाय बहुतेक. एक गाडी धड करता येत नाय. लोकांच्या गाड्या कुठल्या तोंडानं घेऊ?”

नवऱ्याबरोबर आलेली रोहिणी दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना फार काही लागत नाही. खारं पाणी लागलं तर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, तारांना थोडं ग्रीस लावा. आम्ही वर्षानुवर्षं तुमची ओझी वाहू. पण घरातलं एखादं माणूस गप्प झालं, तर त्याचीही वेळेवर विचारपूस करा. त्याला कुठे गंज चढतोय, हे सीट उचलून दिसत नाही.

पोपटने पाना चाकाला लावला, तोच पुंडलिक ओट्यावरून उठला. “थांब,” म्हणाला. माझ्याजवळ येऊन त्याने टाकीखाली हात घातला, जोड उकलला, प्लास्टिकचा तुकडा काढून पोपटच्या तळहातावर ठेवला. जोड पुन्हा बसवून बटण दाबलं. मी पहिल्याच दाबाला अशी गरजले की हैबतराव मागे सरकला. पुंडलिकने मला बंद केलं.

पोपट हातातल्या तुकड्याकडे बघत राहिला.

“म्हंजे बोल्ट पन तुमीच?” रोहिणी पुढे आली. “कशापायी, बाबा?”

पुंडलिकचा हात माझ्या मुठीवर होता.

“तुज्या नवऱ्याच्या हाताला काय झाला नाय गो. आन बेडकीला पन काय झाला नाय,” तो म्हणाला. “तुजी आय गेली तवापासून मला एकट्याला भाकरी गिळत नाय. ‘या’ म्हनायचा हुता. म्हनायला व्हत नव्हता.”