राजसबाईचं नाव

गेले त्याच्या आदल्या दिवशी अण्णांनी दोनदा चहा मागितला, लिफ्टमध्ये भेटलेल्या चिनी आजींशी हातवारे करत गप्पा मारल्या आणि दुपारी टीव्हीसमोर बसून जपानी नाटक पाहिलं. सिंगापूरमधल्या क्लेमेंटीच्या त्या बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शनिवार असाच जायचा. जावई शैलेंद्र बोटीवर, नात अदिती मोबाईलवर, आणि मुलगी मधुवंती आठवडाभराच्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली.

नाटक काबुकी होतं. नाटक थांबवून मध्येच एक सोहळा सुरू झाला. एक म्हातारा नट रंगमंचावर गुडघे टेकून बसला, कपाळ जमिनीला लावलं, आणि आजपासून आपलं नाव शेजारी बसलेल्या मुलाचं, असं त्याने जाहीर केलं. मागच्या रांगांतून लोकांनी त्यांच्या घराण्याचं नाव ओरडून दाद दिली.

"म्हाताऱ्याने नाव देऊन टाकलं. आता त्याला काय म्हणायचं?" अण्णांनी विचारलं.

"तो त्याच्या आजोबांचं नाव घेणार. ते आणखी मोठं," मधुवंती म्हणाली.

"हां. म्हणजे त्यांना वर चढायला पायरी आहे. आमच्यात एकदा दिलं की आपण नुसते श्रीराम."

"आणि मुलगा नसला तर?" तिने विचारलं.

"सन-इन-लॉ, ऑर अडॉप्ट लाह," मोबाईलमधून डोकं वर न काढता अदिती म्हणाली. "आय जस्ट गूगल्ड."

"मुलगी असली तर?" अण्णा अदितीकडे नाही, मधुवंतीकडे बघत होते.

"मुलगी तिकीट काढून बघायला जाते, अण्णा."

अण्णा खो खो हसले. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. काहीतरी बोलतील असं तिला वाटलं. पण त्यांनी चहा मागितला, तो दुसरा.

सकाळी ते उठलेच नाहीत.

अण्णा कुडाळकडच्या एका दशावतारी कंपनीत चाळीस वर्षं स्त्रीपार्टी होते, बायकांची कामं करायचे. कथा कुठलीही असो, त्या कंपनीची राणी म्हणजे राजसबाई. पहिली राजसबाई अण्णांच्या गुरूंचे मामा, दुसरी ते गुरू, तिसरी अण्णा. हँडबिलावर नटाचं खरं नाव, अण्णांचं श्रीराम हेसुद्धा, कधी छापलं नाही. नाव द्यायची रीत अगदी साधी होती. हंगामाच्या सुरुवातीला कंपनीच्या सामानाच्या पेटाऱ्याची पूजा झाली की जुनी राजसबाई नवीच्या डोळ्यांत स्वतःच्या हाताने काजळ घालते आणि म्हणते, "हे नाव माझं होतं. आता तुझं." न देता कोणी गेलंच, तर घरच्यांपैकी कोणीतरी ते बोलायचं. तेही झालं नाही तर नाव पेटाऱ्यात गेलं, पुन्हा कोणी घ्यायचं नाही.

अण्णांचा शिष्य गुरुप्रसाद एकोणीस वर्षं वाट बघत होता. सहा वर्षांपूर्वी मधुवंतीची आई गेल्यावर अण्णा सिंगापूरला आले, ते नाव बरोबर घेऊनच. तेव्हापासून गुरुप्रसाद राणी करत होता आणि हँडबिलावर छापलं जात होतं, 'राजसबाईंचे शिष्य'.

अंत्यसंस्कार झाले. अण्णांचा लाँग टर्म व्हिजिट पास रद्द करायचा होता, बँकेला कळवायचं होतं. एका फॉर्ममध्ये 'इतर नावे' असा रकाना होता. मधुवंतीने तो कोरा ठेवला. पुढच्या सोमवारपासून ती हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जाऊ लागली. बोटींची वेळापत्रकं लावताना काही आठवावं लागत नाही, ते बरं होतं. गुरुप्रसादचे निरोप येत होते. ती ते वाचायची, उत्तर द्यायची नाही. दमले आहे, असं ती स्वतःला सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं.

पूजेच्या आदल्या दिवशी त्याने फोनच केला.

"ताई, उद्या पेटारो पूजतंव. तुमी बोललात तर माका नाव मेळात. नाय बोललात तरी चलात." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे चलूचा नाय. पण मी काय करतलंय?"

"उद्या फोन लाव," ती म्हणाली.

त्या दिवशी तिने अण्णांच्या बॅगेतली काजळाची डबी काढली. तेव्हाही हीच डबी होती. नववीत होती ती. सातेरी देवीची जत्रा, अण्णांना एकशे तीन ताप, हँडबिलं गावभर लागलेली. बाईने त्या रंगमंचावर उभं राहायचं नाही. पण मधुवंती उंच होती, आवाज जाड होता आणि राणीची सगळी भाषणं तिला अण्णांच्या पातळांच्या घड्या घालता घालता पाठ झाली होती. अण्णांनी स्वतःच्या हाताने तिच्या डोळ्यांत काजळ घातलं, पण त्यापुढचं वाक्य बोलले नाहीत. लोकांनी राजसबाई बघितली. सकाळी एक म्हातारा नारळ घेऊन आला. "राजसबाय, काल तुझो आवाज काय लागलो!" अण्णांनी नारळ घेतला. तो गेल्यावर म्हणाले, "कोणाला बोलू नकोस."

ती बोलली नाही. शैलेंद्रला नाही, अदितीला नाही. अण्णांशीसुद्धा पुन्हा नाही. तीस वर्षं.

रविवारी दुपारी दीड वाजता, तिकडे अकरा वाजता, स्क्रीनवर पेटारा दिसला. त्यासमोर हळदी रंगाच्या पातळातला गुरुप्रसाद, चाळिशीचा, केस पिकायला लागलेला. कंपनीच्या मालकांनी त्याच्या डोळ्यांत काजळ घातलं. पखवाजवाला हात रोखून थांबला.

"ताई," मालक म्हणाले, "तुम्ही असं म्हणायचं, हे नाव माझ्या वडिलांचं होतं. आता तुझं."

मधुवंतीने मान डोलावली. अदिती शेजारी येऊन बसली होती.

"हे नाव माझं होतं," मधुवंती म्हणाली.

तिकडे कुजबुज झाली. "ताई, वडिलांचं," गुरुप्रसाद हळूच म्हणाला.

"ऐकलं मी, गुरू. वडिलांचं होतंच." तिचा आवाज मोठा झाला नाही, पण जाड झाला, जुना. "मी नववीत होते. सातेरीच्या जत्रेत अण्णा तापाने पडले होते. त्या रात्री राजसबाई म्हणून उभी होती ती मी. मला ते नाव हवं होतं, अण्णांना मी कधी सांगितलं नाही. हे नाव माझं होतं, गुरू. आता तुझं."