अब्बांच्या वाटचा अर्थ

"ॲमेंडमेंट," मी म्हटलं.

अब्बांनी वस्तरा कुलूपवाल्या चाचांच्या गालापाशी थांबवला. "तरमीम. ठरावात फेरफार."

"माझ्या मिशीत फेरफार करू नकोस म्हणजे झालं," चाचा फेसातून पुटपुटले.

"बोलू नकोस. गळ्यापाशी आलोय."

सोमवारी कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या सभेत आमच्या ओळीतली दुकानं पाडण्याचा ठराव येणार होता. अब्बांचं सलून त्यातच. सभेचं कामकाज इंग्रजीत. दुकानदारांना मागच्या खुर्च्यांवर बसून नुसतं ऐकायची परवानगी. ऐकून कळणार काय? म्हणून ऐकून अर्थ सांगायचं काम ओळीनं अब्बांवर सोपवलं होतं. अब्बा आणि चाचा उर्दू शाळेत एका बाकावर बसलेले. बोलणं सगळं मराठीत, पण शाळेच्या भाषेत ऐकल्याशिवाय कायद्याचा शब्द पोटात उतरत नाही, असं अब्बांचं म्हणणं. पाठ उसवलेला इंग्रजी-उर्दू शब्दकोश कंगव्यांच्या बरणीला टेकून उभा असायचा. कॉलेजात शिकवायचे तास संपवून मी यायची, इंग्रजी शब्द टाकायची. अर्थ अब्बांच्या वाटचा.

"सोमवारी मीच येते ना," मी म्हटलं. "सांगेन सगळ्यांना."

"तू शिकवशील, बेटा. सांगायचं आमचं आम्हाला जमू दे की एकदा." त्यांनी वस्तरा पुसला. "बरं, आज उलट घेऊ. मी इंग्रजी म्हणतो, तू उर्दू म्हण."

"नको अब्बा. माझे उच्चार ऐकून चाचा हसतील."

"मी कसला हसतोय," चाचा म्हणाले. "वस्तरा त्याच्या हातात आहे."

तरी मी उर्दू शब्द म्हटला नाही. ते असं बरेचदा विचारायचे, आणि मी दर वेळी ते हसण्यावारी न्यायची.

"मेजॉरिटी."

"अक्सरियत."

"रेझोल्यूशन."

"करारदाद."

"ॲडजर्न."

अब्बा अडले. आरशातून छताकडे बघत राहिले. मी तोंड उघडताच त्यांनी ओला हात वर केला. "सांगू नकोस."

चाचा पावडर लावून गेले, दिवे मालवले, तरी शब्द येईना. शटर अर्ध्यावर आलं तेव्हा ते एकदम थांबले. "मुल्तवी. पुढं ढकलणं," म्हणाले, आणि उरलेलं शटर एका दमात खाली ओढलं. घरी पोचेपर्यंत स्वारी खुशीत होती.

पहाटे ते उठलेच नाहीत.

सोमवारी मला कुणी बोलावलं नव्हतं. सभागृहात ओळीतले सगळे मागे दाटीनं बसले होते. चाचांनी शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवली होती. मला बघून त्यांनी रुमाल उचलला. त्यांच्या गालांवर पांढरे खुंट वाढले होते. दुसऱ्या कुणाकडे ते गेले नव्हते.

पुढे बराच वेळ बोलणं चाललं. एक बाई उठून तावातावानं काही म्हणाल्या, एकानं कागद आपटला. मग अध्यक्षांनी घंटी वाजवली, ते दोन वाक्यं बोलले आणि सभासद पिशव्या आवरू लागले.

"काय झालं?" चाचांनी माझं मनगट धरलं. "पाडायचं ठरलं?"

सगळी ओळ माझ्याकडे वळली. मराठी वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, नीट, तास घेतल्यासारखं. मी ते गिळलं.

"मुल्तवी, चाचा."

उच्चार भलताच निघाला. चाचा हसले नाहीत. त्यांनी गालावरून हात फिरवला.

"परत म्हण," ते म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मुल्तवी," मी म्हटलं.