पॉइंट अडतीस

मी एक जुना टॅन्जंट गॅल्व्हनोमीटर आहे, आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर मला तुमचाही थोडा संशय येतो. राग मानू नका. संशय घेणं हा माझा धंदाच आहे. तारेतून वीज गेली की नाही, गेली तर किती गेली, हे मी ताडतो. वीज गेलेली नसताना कुणी कितीही छातीठोकपणे गेली म्हणाला, तरी माझी सुई जागची हलत नाही. अशा स्वभावाला मित्र कमी मिळतात.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. एका लाकडी कड्यावर तांब्याची तार गुंडाळली, मधोमध काचेची गोल डबी बसवली, डबीच्या तळाशी आरसा लावला, त्यावर टोकावर तोललेली छोटी चुंबकसुई ठेवली, खाली तीन पितळी स्क्रू लावले, आणि झालो मी तयार. गवतात गुंडाळून, खोक्यात घालून मला रेल्वेने जालन्याला पाठवलं. जालन्याच्या स्टेशनावर हमालाने खोकं उलटं ठेवलं. त्यावर 'ही बाजू वर' असं लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजीत होतं. तेव्हापासून लिहिलेल्या गोष्टींवर माझा फारसा विश्वास राहिला नाही.

कॉलेजात मी बरीच वर्षं पी.यू.सी.च्या, म्हणजे मॅट्रिक होऊन नुकत्याच आलेल्या, पोरांना शिकवलं. प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला आलेले एक पाहुणे माझ्यावर वाकून म्हणाले होते, "वा, काय नाजूक काम आहे!" माझ्या आयुष्यातली ती एकच स्तुती. मात्र ते पाहुणे पुढे स्टोव्हलाही तेच म्हणाले.

मग विद्यापीठाने आमच्या इमारतीत पदार्थविज्ञानाचा एम.एस्सी.चा विभाग उघडला, आणि मला बढती मिळाली. विभागप्रमुख होते प्राध्यापक रामराव टेकाळे. टेकाळे सरांचा नियम असा, की एम.एस्सी.ला आलेल्या प्रत्येकाने पहिला प्रयोग माझ्यावरच करायचा. "पी.यू.सी.चं काम ज्याला नीट येत नाही, त्याला मी मोठ्या यंत्रांना हात लावू देणार नाही," असं ते म्हणत. दिवाळीच्या सुट्टीआधी ज्याच्या पहिल्या प्रयोगावर त्यांची सही नसेल, त्याने सुट्टीनंतर येण्याची तसदी घ्यायची नाही. तो गावी गेला तो गेला.

प्रयोग सोपा आहे. एरवी माझी सुई उत्तरेकडे तोंड करून असते, कारण पृथ्वी तिला तिकडे ओढते. कड्यातून वीज सोडली, की वीज तिला आडवी ओढते. या ओढाताणीत सुई किती कलली ते मोजायचं आणि त्यावरून पृथ्वीची ओढ काढायची. पुस्तकात तिचा आकडा दिला होता पॉइंट अडतीस. जवळ लोखंड ठेवायचं नाही, एवढंच पथ्य. लोखंड सुईला आपल्याकडे ओढतं.

आता टेकाळे सर. माणूस विद्वान, पण संशय माझ्यापेक्षा चार अंश जास्त. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा असा झुबका, की ते जवळ आले की माझी सुई नमस्कार केल्यासारखी वाकायची. एकदा विभागातलं एक भिंग हरवलं. सरांनी सगळ्यांचा संशय घेतला, आणि सामान ठेवायला एक भलंथोरलं लोखंडी कपाट मागवलं. पुढे ते भिंग त्यांच्याच टेबलाच्या खणात सापडलं, पण तोवर कपाट मंजूर झालं होतं. मंजूर झालेली वस्तू आली की ती कुठेतरी ठेवावीच लागते. ती माझ्या शेजारी ठेवली. हातभर अंतरावर.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझी सुई पृथ्वीची राहिली नाही. थोडी पृथ्वीची, थोडी कपाटाची, अशी ती जगू लागली. मला ते कळत होतं. पण मला तोंड नाही, सुई आहे, आणि तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

कसं बघणार? त्या वर्षी नवी बॅच आली. साल पंच्याहत्तर, आणीबाणीचं. चहाच्या टपरीवरही लोक आधी मागे वळून बघत आणि मग साखर कमी झाल्याचं सांगत, असं ते साल होतं. पोरं माझ्यासमोर बसत, वीज सोडत, गप्पा मारत, आणि आकडे मात्र उत्तरापासून उलटे येत. पॉइंट अडतीस आधी लिहायचं, मग सुई किती कलायला हवी होती ते गणिताने काढायचं, आणि मग ती तेवढी कलली असं लिहायचं. घनसावंगीचा धर्मराज यात इतका तरबेज होता, की एकदा बॅटरी न जोडताच त्याचा प्रयोग पुरा झाला. सरांनी शेरा दिला, 'उत्तम'.

आणि मग आला देवानंद हिवाळे. भोकरदनकडच्या धावड्याचा. तिथल्या शाळेत गणिताचा मास्तर म्हणून लागलेली नोकरी सोडून आला होता. वडील आणि थोरली बहीण बेबीनंदा, दोघांनीही जाऊ दे म्हटलं होतं. पण शाळेने त्याच्या जागी दुसरा मास्तर घेतला होता, म्हणजे परतीची वाट राहिली नव्हती. मला तो दिसला आणि माझा स्वभाव जागा झाला. हा इतका जपून का हात लावतो? स्क्रू इतक्या हळू का फिरवतो? एक डोळा मिटून सुई आणि तिची आरशातली सावली एकावर एक आणतो, हे आजकाल कोण करतं? याचा काहीतरी डाव असणार.

डाव एवढाच होता, की तो खरोखर मोजत होता. आणि उत्तर येत होतं पॉइंट एकोणतीस.

परत मोजलं. पॉइंट एकोणतीस. तारा बदलून मोजलं. तेच.

"अरे देवा," धर्मराज म्हणाला, "काय करून राह्यला तू सकाळपासून? पॉइंट अडतीस लिही अन् मोकळा हो ना."

"आलं न्हाई, तर लिहू कसं?"

"अन् कोणाला आलंय? मला? मी तर उत्तराच्या घरी जाऊन, तिथून आपल्या घरी परत आल्तो. रस्ता बराबर एकच हाय की!"

"तू आल्तास. मला तो रस्ता दिसंना."

"मंग बस रस्ता शोधत," असं म्हणून धर्मराज चहाला गेला.

दिवाळी जवळ आली. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या. विभागाचे शिपाई रखमाजी यांनी एव्हाना निकाल देऊन टाकला होता. "त्या धावड्याच्या पोराचा हात लागला तव्हापासून सुई बिथरली, साहेब. त्याच्या आधी बिलकुल ठीक होती. सगळ्यांना येत होतं, त्यालाच कसं न्हाई?"

प्रश्न बिनतोड होता. सगळ्यांना येतं आणि एकाला येत नाही, म्हणजे दोष त्या एकात. संशयाची एक खोड असते, मित्रांनो. कुणाकडे बघायचं ते तो घरूनच ठरवून निघतो.

सुट्टीच्या आदल्या दिवशी टेकाळे सर स्वतः प्रयोगशाळेत आले. मागे सगळी बॅच. माझी सुई किल्ल्यांना पाहून वाकली.

"हिवाळे, माझ्यासमोर कर," म्हणत सर लांब दाराशी जाऊन उभे राहिले.

देवानंदने केलं. पॉइंट एकोणतीस.

सरांनी डोळे बारीक केले. "अंगावर लोखंड आहे तुझ्या."

"न्हाई सर."

"मग सुई काय तुझं तोंड बघून हलते? खिसे दाखव."

खिशातून एसटीचं तिकीट निघालं, आणि सदऱ्यावरून तुटलेल्या गुंडीच्या जागी लावलेली एक पिन. सरांनी पिन चिमटीत धरून उजेडात नेली. चोर सापडला, असं त्यांच्या चेहऱ्यावर आलं. पिन व्हरांड्यात ठेवण्यात आली. देवानंदने एका हाताने सदरा धरून पुन्हा मोजलं.

पॉइंट एकोणतीस.

"पट्टा."

पट्ट्याला लोखंडी बक्कल होतं. पट्टा गेला. पॉइंट एकोणतीस.

"चपला," सर म्हणाले. "चपलांना खिळे असतात."

 कौसल्याने, बॅचमधल्या एकट्या मुलीने, मान खाली घातली. देवानंदने चपला काढल्या, दाराबाहेर नेऊन ठेवल्या, आणि अनवाणी परत येऊन माझ्यासमोर उभा राहिला. एका हाताने सदरा धरलेला, दुसऱ्याने विजार. मित्रांनो, एक मुलगा अंगावरचा शेवटचा खिळा काढून उभा होता, आणि त्याच्या शेजारी सहा फुटी लोखंड ऐटीत उभं होतं. त्या कपाटाला कोणी काही काढायला सांगितलं नाही.

"सर, मोजू का?" देवानंदने विचारलं. आवाज बारीक झाला होता, पण फाटला नव्हता.

"थांब. आता मी मोजतो. तू लांब हो."

सर माझ्यावर वाकले आणि माझी सुई भिंगरीसारखी फिरली.

"सर," कौसल्या हळूच म्हणाली, "तुमच्या किल्ल्या."

 या वाक्यात काही खोच आहे का, हे सरांनी तिच्या तोंडावर शोधलं. मग त्यांनी किल्ल्या कमरेच्या सोडल्या. पण आपल्या किल्ल्या व्हरांड्यात ठेवतील तर ते टेकाळे सर कसले? त्यांनी कपाटाला किल्ली लावली आणि झुबका आत ठेवण्यासाठी दार उघडलं.

दार माझ्या अंगावर आलं. माझी सुई दाराबरोबर फिरली.

सरांनी दार लोटलं. सुई परत गेली.

सरांनी दार पुन्हा उघडलं, यावेळी फार हळू. सुईही फार हळू आली. त्यांनी लोटलं. सुई गेली. मी इतकी वर्षं पृथ्वीबद्दल बोलत होतो, पण खोलीतल्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे बघितलं ते त्या दिवशी.

"अर्रर्र," रखमाजी म्हणाले, "हे तर कपाट!"

किल्ल्या कपाटात टाकून सर खुर्चीवर बसले. त्यांनी स्वतः वीज सोडली, एक डोळा मिटला, सुई आणि तिची सावली एकावर एक आणली. हात अजून चांगला होता त्यांचा. कागदावर गणित केलं. मान वर न करता म्हणाले, "पॉइंट एकोणतीस."

मग त्यांनी मान वर केली.

"धर्मराज, याच टेबलावर, याच कपाटाशेजारी, तुला पॉइंट अडतीस आलं होतं. कसं रे?"

"सर, मी..." धर्मराजने खिडकीबाहेर बघितलं. तिथे मदतीला काही नव्हतं. "माझा हात थोडा हलका हाय, सर."

कोणी हसलं नाही. कारण सगळ्यांचेच हात हलके होते, आणि सगळ्यांच्या प्रयोगांवर सरांची सही होती. सरांनाही ते दिसलं. इतके दिवस ते चोर पकडायला टपून बसले होते, आणि चोरांना एकेक करून स्वतःच 'उत्तम' देत होते.

त्यांनी देवानंदकडे बघितलं. संशय सहज जात नाही. जाताना उंबऱ्यावर थबकतो.

"पण हिवाळे, या आकड्यावर मी सही कशी करू? विद्यापीठाचे लोक विचारतील. हा पृथ्वीचा आकडा नाही."

"न्हाई सर. पृथ्वीचा अन् कपाटाचा मिळून हाय. मी कुणाचा वाटा कमी केला न्हाई. जेवढा दिसला तेवढा लिहिला."

 सरांनी पेन काढलं आणि सही केली. शेरा लिहिला नाही. लिहिण्यासारखा शब्द त्यांनी बाकीच्यांवर खर्च करून टाकला होता.

"तुम्हा बाकीच्यांच्या सह्या रद्द," ते म्हणाले. "आधी प्रयोग, मग सुट्टी." धर्मराजने कपाळावर हात मारला.

मग सरांची नजर देवानंदच्या पायांकडे गेली. ते उठले. काहीतरी बोलायचं होतं, पण त्याचा सराव नव्हता.

"चपला घाल बाबा," एवढंच म्हणाले.

"राहू द्या सर," देवानंद म्हणाला. "ह्याला उचलून व्हरांड्यात नेतो. तिकडं खरा आकडा काढू. तिथं बी लोखंड नको."

असं म्हणून त्याने मला उचललं. सर पुढे झाले आणि त्यांनी माझी दुसरी बाजू धरली. त्यांचे बूट दारातच होते. कधी काढले, ते मलाही दिसलं नाही.

व्हरांड्यात सगळ्यांचे आकडे वेगवेगळे आले. पॉइंट सदतीस, पॉइंट एकोणचाळीस, एकाचा तर पॉइंट एकेचाळीस. दोघांचा आकडा अगदी एकच आला की सर लगेच दोघांना लांब लांब बसवत. देवानंद दिवाळीनंतर परत आला, आणि मोठ्या यंत्रांना त्याचा हात लागला.

मित्रांनो, आज मी एका खोक्यात धूळ खात पडलो आहे. माझी काच पुसा, सुईचं टोक जपा, एवढं मागतो. आणि संशयही घ्या, खुशाल घ्या. पण ज्याचं उत्तर वेगळं आलं, त्याच्या पायातलं काढायला सांगण्याआधी, त्याच्या शेजारी तुम्ही स्वतः काय आणून ठेवलंय, तेवढं एकदा बघा.