तीनदा बोलणारा कॉम्प्युटर

जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा माणसं उभी होती. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी कुणी हूं की चूं करत नव्हतं. सगळ्यांचे डोळे टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरकडे लागले होते. तो अण्णांचा, आणि अण्णांना जाऊन वर्ष होत आलं होतं. महाराजांनी मान हलवली, शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी भिंतीवरचं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरला कुणी बोटही न लावता आतला पंखा घरघरू लागला. पडदा काळाच राहिला. मग आवाज आला. पीं. पीं. पीं.

"आले," महाराज हळूच म्हणाले.

दारात अण्णांची थोरली लेक उभी होती, तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती शाळेत विज्ञान शिकवायची, भुताखेतांच्या गोष्टी हसण्यावारी न्यायची. पण ती घरघर अण्णांच्या शेवटच्या दिवसांतल्या श्वासासारखीच होती. चहा हवा असला की अण्णा टेबलावर बोटाने तीनदा टकटक करत. क्षणभर तिला वाटलं, पुढे व्हावं आणि विचारावं, अण्णा, कसे आहात?

सुरुवात कशी झाली ते आईने तिला फोनवर सांगितलं होतं. खोली झाडताना आईने कॉम्प्युटरचा डबा ओढून बाजूला केला, त्याच संध्याकाळी वीज गेली, आणि परत आली तेव्हा रिकाम्या खोलीतून तीन हाका आल्या. आई घाबरली नाही, उलट तिला बरंच वाटलं. ती रोज तिथे बसून बोलू लागली. ते काकूंनी ऐकलं, काकूंनी महाराजांना आणलं, आणि महाराजांनी खोली जागृत ठरवून तिथे आपली बैठकच थाटली.

एवढंच असतं तर थोरलीने कानाडोळा केला असता. पण आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आई थोरलीकडे राहायला जाणार होती. म्हणजे घराला कुलूप आणि बैठकीलाही. नेमकं आताच, महाराजांच्या म्हणण्याप्रमाणे, अण्णांना ते ऑपरेशन नापसंत झालं होतं.

महाराजांची रसवंती सुरू झाली. सूक्ष्म देहाला विजेचा मार्ग सोपा पडतो म्हणे. तो तारेतून येतो, पंख्यातून श्वास घेतो. हे विज्ञानच आहे, फक्त शिकलेल्यांना पचत नाही. मग त्यांनी विचारलं, अण्णा, वहिनींच्या डोळ्यांचं ऑपरेशन होऊ द्यायचं का? काकूंनी बटण बंद करून पुन्हा सुरू केलं. तीनदा पीं. महाराज म्हणाले, नाही, नाही, नाही. बैठक इथेच चालू ठेवायची का? तीनदा पीं. हो, हो, हो.

थोरलीच्या अंगावरचा काटा तिथेच उतरला. यंत्राचं उत्तर एकच होतं. हो आणि नाही महाराजांच्या तोंडात होतं.

ती पुढे आली आणि मलाही वडिलांना विचारू द्या म्हणाली. लेकीला नाही म्हणणं महाराजांना जमलं नाही. आईचं ऑपरेशन करू का, तिने विचारलं. तीनदा पीं. की करू नको? तीनदा पीं. तिसऱ्या खेपेला तिने नुसती काकूंना खूण केली. पुन्हा तीनदा पीं.

"आता तर मी काही विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "मग हे उत्तर कशाचं?"

अण्णांनी मनातलं ओळखलं, असं महाराज पुटपुटले. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

थोरलीने प्लग उपसला, डब्याची बाजू उघडली, पंख्यावर साचलेली धूळ ब्रशने काढली. मग बोटभर लांबीची एक हिरवी पट्टी बाहेर काढली. कॉम्प्युटरची स्मरणशक्ती यात असते, ती सांगू लागली. डबा ओढताना ही पट्टी खाचेतून सैल झाली. ती सापडली नाही की यंत्र शिट्टी वाजवतं. कारखान्यातच तशी सोय केलेली असते. तिने पट्टीची कड खोडरबराने पुसली आणि ती खट् आवाज येईपर्यंत दाबून बसवली. प्लग लावला. एकच पीं झाली, आणि काळा पडदा उजळला. पंखा आता नुसता गुणगुणत होता. वीज आली की आपोआप सुरू व्हायचं, अशी एक सेटिंगही आत होती. ती तिने बदलून टाकली.

"पोरीने आत्म्याला हुसकावलं," महाराज म्हणाले.

थोरलीने कॉम्प्युटर पुन्हा बंद करून प्लग काढला, पट्टी उपसून आईच्या हातात दिली, आणि प्लग लावून कॉम्प्युटरचं बटण दाबलं. तीनदा पीं.

"बघ आई, पट्टी काढली की हाक येते, बसवली की थांबते. माणूस असा येत-जात नाही गं."

आईने ती पट्टी बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "मग मी इतके दिवस कुणाशी बोलत होते?"

 थोरली आईजवळ बसली आणि तिने तिचा हात हातात घेतला. माणसं एकेक करून जिना उतरली. महाराज कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांना कॉम्प्युटरच्या आतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शिट्ट्या तीनच वाजणार हे मात्र पक्कं ठाऊक होतं. धंद्याला तेवढं पुरतं.

ऑपरेशन झालं. आई आता थोरलीकडे असते. अण्णांची आठवण आली की लेकीला सांगते, दोघी मिळून रडतात, कधी हसतातही. गेलेल्या माणसाची ओढ खरी असते, तिला कुणी हसू नये. पण त्या ओढीच्या नावावर कुणी तुमच्या औषधपाण्याचे निर्णय घेऊ लागला, तर हात जोडण्याआधी तोच प्रश्न उलटा विचारून बघा. आणि शक्य असेल तर डबा उघडा.