मधलं की टॉप?

जालना रोडवरच्या शोरूममध्ये गाडी दोघांनाही पसंत पडली होती, रंगही ठरला होता. अडलं होतं ते मॉडेलवर.

"मधलं बास झालं," सुलेखा म्हणाली. "एअरबॅगा त्यातही तेवढ्याच आहेत. ड्रायव्हरचं सीट वर-खाली होतं, म्हणजे मलाही चालवता येईल."

तिचा नवरा इंद्रजीत ऐकेना. एरवी चपलेचा जोड घ्यायचा तरी चार दुकानं फिरणारा माणूस, आज टॉपवरच अडून बसला होता. सनरूफकडं मात्र त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "बाजूनं गाडी आली की आरशात दिवा लागतो ना? नक्की लागतो ना?" हेच तो सेल्सच्या निशाला पुन्हा पुन्हा विचारत होता.

"चालवूनच बघा ना सर," निशा म्हणाली.

टॉप मॉडेल घेऊन ते हर्सूलच्या दिशेनं निघाले. निशा पुढं बसली, सुलेखा मागं. वाटेत डावीकडच्या गल्लीतून एक बाई स्कूटीवर बाहेर आली. सुलेखाला ती मागच्या सीटवरूनही दिसली. इंद्रजीतचा वेग काही कमी होईना.

"सर, ब्रेक!" निशा किंचाळली.

गाडी करकचून थांबली, तोवर स्कूटी आडवी झाली होती. बाईचं कोपर सोललं होतं. "आंधळा हाय का रं?" ती ओरडली. इंद्रजीत उतरून नुसता हात जोडत राहिला.

"पण दिवा लागला नाय," तो पुटपुटला.

"सर, तो मागून येणाऱ्या गाडीसाठी असतो," निशा म्हणाली आणि पाण्याची बाटली घेऊन बाईकडं धावली.

सुलेखानं त्याला बाजूला घेतलं. "अहो, ती पुढ्यातच होती की!"

"डाव्या अंगाचं दिसत नाय मला. काचबिंदू हाय. दिवाळीच्या आधीच डॉक्टर म्हणले."

"आन् मला सांगितलं नाय?"

"गाडी चालवणं सुटलं असतं गं. म्हणलं, टॉप घेतली तर बाजूचं तीच सांगंल."

सुलेखाला त्याच्या डोळ्यांची कीव यायला हवी होती. पण तिच्या डोळ्यांपुढं त्यांची मुलगी अमृता आली. दिवाळी होऊन कैक महिने झाले होते, आणि रोज सकाळी लेक त्याच्याच मोटरसायकलवर शाळेला जात होती.

"पोरीला मागं बसवून नेत होता तुम्ही," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला.

त्या दिवशी बुकिंग झालं नाही. दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन डॉक्टरकडं गेली. गेलेली नजर परत यायची नव्हती. उरलेली टिकवायला थेंब होते.

पावसाळ्यात त्यांनी मधलं मॉडेल घेतलं. सुलेखा सीट वर करून चालवते, इंद्रजीत शेजारी बसतो. दोघं आता बोलतात, पण जपून. मध्येच तो विचारतो, "डावीकडून कुणी येतंय का?" आणि दरवेळी ती आधी ब्रेकवर पाय ठेवते, मग डावीकडं बघते.