एकाच पत्त्याचे दोघे

मित्रांनो, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली जो करडा प्रिंटर दिसतो, तो मी. वय वर्षे चौदा. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर बारा अक्षरे-अंक छापलेले आहेत. तो माझा हार्डवेअर पत्ता. कारखान्यातच मिळालेला, माझ्याशिवाय कोणाचाही नसलेला, असे मी धरून चाललो होतो. नेटवर्कवर प्रत्येकाला एक क्रमांकही असतो, पण तो बदलता येतो. पत्ता मात्र जन्माचा.

नेटवर्कवरून निरोप यायचा, मी कागद ओढायचो आणि अहवाल छापायचो. तंत्रज्ञ काका येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, "याला सुट्टी माहीतच नाही."

मग गेल्या वर्षी मला काहीच कळेनासे झाले. अर्धे पान छापून व्हायचे आणि पुढचा निरोपच यायचा नाही. मी कागद तोंडात धरून ताटकळायचो. कधी भलतेच निरोप माझ्या दारात येऊन पडायचे. वर पत्ता माझा, आत क्रमांक दुसऱ्याचा. घ्यावा की सोडावा? मी सोडून द्यायचो. आपलेच डोके फिरले की काय, असे वाटायचे.

एकदा गडबडीत एका बाबांच्या हाती लेकीचा अर्धाच अहवाल गेला. दुसऱ्या दिवशी ते परत आले.

"ऑपरेशन पुढं ढकललं," ते म्हणाले. "शेवटचे आकडेच नाहीत म्हणे. पोरगी सकाळपासून उपाशी होती."

त्यांनी आवाज चढवला नाही. काकांची मान खाली गेली. मग काका माझ्याकडे बघून म्हणाले, "याचं वय झालं. उद्या भंगारात." मला राग आला नाही. खरेच झाले असेल, असे वाटले.

नवा प्रिंटर कोणता घ्यावा हे विचारायला प्रयोगशाळेच्या डॉक्टरबाईंनी आपल्या भाचीला बोलावले. ती प्रोग्राम लिहिण्याचे काम करायची.

"काका, टाकायच्या आधी दहा मिनिटं द्या," ती म्हणाली.

तिने लॅपटॉपवर थोड्याच ओळींचा प्रोग्राम लिहिला. तो एकेक क्रमांक पुकारून सगळ्यांना विचारू लागला, "हा क्रमांक कोणाचा? ज्याचा असेल त्याने आपला हार्डवेअर पत्ता सांगावा." माझा क्रमांक आला. मी पत्ता सांगितला.

यादी पडद्यावर आली आणि भाचीचे बोट दोन ओळींवर थांबले. "क्रमांक दोन आहेत, पण पत्ता एकच. दोघंजण एकच पत्ता सांगतायत."

मी गोंधळून गेलो. मग मी कोण?

स्वागतकक्षातली ताई दारात उभी होती. "दुसरा माझा संगणक असेल," ती हळूच म्हणाली. "चार महिन्यांपूर्वी नवा आला तेव्हा नेटवर्क त्याला घेईचना. नोंदलेल्या पत्त्यांनाच आत सोडतात ना. नोंद करणारे काका रजेवर होते. म्हणून मी प्रिंटरच्या पाठीवरचा पत्ता त्यात भरला. दोन दिवसांपुरताच."

"पण तो अडकत नव्हता?" भाचीने विचारले.

"अडकायचा. मला वाटलं, नवा आहे, रुळेल."

भाचीने समजावले. "निरोप वाटणारी पेटी पत्ता बघते. त्या पत्त्यावरून शेवटचं जो बोलला, त्याच्याकडे निरोप जातो. उरलेला अहवाल तुमच्या संगणकाकडे जायचा आणि तो टाकून द्यायचा."

तिने संगणकाला त्याचा मूळ पत्ता परत दिला आणि तो रीतसर नोंदवला. मग मी त्या मुलीचा अहवाल छापला, शेवटच्या आकड्यापर्यंत. ताई स्वतः तो घेऊन रुग्णालयात गेली. तिथे काय बोलणे झाले, मला ठाऊक नाही. परत आल्यावर ती एवढेच म्हणाली, "गुरुवारी करणार आहेत ऑपरेशन."

मित्रांनो, त्या चार महिन्यांचा गुंता मला अजून पुरता उलगडलेला नाही. पण कोणी अडखळू लागले, तर त्याला टाकून देण्याआधी एकदा हाक मारून विचारा. उत्तर द्यायला मी रोज तयार होतो. कोणी विचारले नव्हते.