विहिरीतली काच

तिसऱ्या दिवशीही माझ्या तान्ह्या बाळीचा सुजलेला डावा डोळा उघडला नाही, तेव्हा मी धुरपदाबाईंच्या हातातला पिठाचा गोळा मागून घेतला. पारोळ्यातल्या आमच्या आळीत सगळ्या तान्ह्या पोरांना त्याच न्हाऊ घालतात. अंगावरची लव जावी म्हणून बेसनात एक राखाडी पूड मिसळतात. कुठली, विचारलं तर म्हणाल्या, विहिरीची. वैशाखात पाणी उतरलं की दगडांवर उरलेली खपली खरवडून, कुटून ठेवायची.

ह्यांच्या शाळेत सूक्ष्मदर्शक होता. तो दुपारी घरी आणवला. चिमूटभर पूड काचेवर पसरून वाकले, तर नुसत्या सुया. पारदर्शक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या वहीत हेच चित्र मी काढलं होतं, गोड्या पाण्यातल्या स्पंजाचं. त्याला तोंड नाही, पोट नाही. अंगभर भोकं आणि आत ही काचेची हाडं. तो कुजला तरी हाडं राहतात. सुयांत खसखशीएवढे तपकिरी दाणेही होते, स्पंजाच्या बियाच म्हणायच्या.

"मेलेलंच आहे ना पण?" ह्यांनी विचारलं.

मी दाणे वाटीभर पाण्यात टाकले आणि बाळीला घेऊन जळगाव गाठलं. डॉक्टरांनी पापणी उलटून एक सुई काढली. दुसरी खोल आहे म्हणाले. आणखी एक गेली तर डोळा जाईल.

त्यानंतर आठवडाभर मीच तिला उकळून गाळलेल्या पाण्यानं न्हाऊ घातलं. डोळा किलकिला झाला. वाटीच्या तळाला मात्र फिकट साय धरली होती, तिला एक भोक. मी शेजारी शाईचा थेंब सोडला. साय हलली नाही. शाई तेवढी तिच्या अंगात ओढली गेली आणि भोकातून धुरासारखी वर आली.

त्याच सकाळी धुरपदाबाई नवा गोळा घेऊन आल्या. मी नको म्हटलं, डॉक्टरांचं सांगितलं. उंबऱ्यात उन्हाला बसलेल्या सासूबाई, आमच्या अक्का, हसल्या.

"आम्हना घरमा बठ्ठासले हाईच लायेल शे. काय व्हयनं?"

घरातल्या सगळ्यांना हेच लावलेलं, म्हणजे अक्कांनाही. घरात त्यांना कधी ठेच लागलेली मी पाहिली नव्हती. आज पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधाळ ठिपके. त्यांनी बाळीसाठी हात पुढे केले ते तिच्या वीतभर बाजूला. धुरपदाबाईंनी ते हात धरून वळवले, तेही चुकीच्याच बाजूला.

मी बाळीला उचलून मागे सरले. दोघींचे चेहरे माझ्या पावलांच्या आवाजाकडे वळले.